बोटीच्या अलीकडे, बोटीच्या पलीकडे

फ्रान्समधल्या नदीवरची क्रूझ ठरवणे तसे सोपे असते. तारीख, केबिन आणि पैसे एवढ्या तीन गोष्टी जमल्या की पुढचे सगळे, म्हणजे बोट कुठे थांबणार, किती वाजता सुटणार, कोणत्या गावातले कोणते चर्च दाखवणार आणि रात्री ताटात काय असणार, हे दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. प्रवाशाच्या हातात उरतात ते बोटीत चढण्याआधीचे आणि उतरल्यानंतरचे दिवस, आणि माझे असे मत झाले आहे की सबंध प्रवासाचा कस या दिवसांवरच लागतो. तरीही बहुतेक मंडळी त्यांचा विचार सर्वांत शेवटी करतात आणि ‘आधी पॅरिस, मग बोट, मग घर’ एवढ्या सूत्रात तो उरकून टाकतात.

आम्ही तिघे होतो : मी, माझे यजमान आणि आमच्या वन्सं. वन्संनी सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुर करणारे, पण प्रवासाची हौस आम्हा दोघांपेक्षा जास्त. त्यांच्यामुळेच नदीवरची बोट निवडली, कारण समुद्रावरच्या अजस्र जहाजात माणूस हरवतो आणि बसच्या सहलीत रोज सकाळी बॅग भरावी लागते. नदी कोणती, हा प्रश्न मात्र लवकर सुटला. सेनवरची बोट पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाते आणि बहुधा पॅरिसलाच परत येते. आम्हाला एका टोकाला चढून दुसऱ्या टोकाला उतरायचे होते, म्हणून आम्ही सोन आणि ऱ्होन या नद्यांचा मार्ग घेतला. बोट बर्गंडीतल्या शालों या गावाहून निघून ल्योंमार्गे दक्षिणेकडे आर्लपर्यंत जाणार होती.

नकाशा पसरून बसल्यावर लक्षात आले की जमिनीवरचे दिवस कुठे घालवायचे याचे उत्तर नदीच देते आहे. सोन ही अतिशय संथ नदी आहे. ती नेमकी कोणत्या दिशेला वाहते हे डोळ्यांनी ठरवता येत नाही, असे ज्यूलियस सीझरने तिच्याबद्दल लिहून ठेवले आहे. ऱ्होन मात्र स्वित्झर्लंडमधल्या हिमनदीतून निघते, जिनिव्हाच्या सरोवरातून बाहेर पडून ल्योंला येते, तिथे सोनला पोटात घेते आणि मग थेट दक्षिणेकडे भूमध्य समुद्राची वाट धरते. एकेकाळी तिची धार नावाड्यांचा जीव घेणारी होती. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय ऱ्होन कंपनीने वीजनिर्मिती, जलवाहतूक आणि शेतीचे पाणी अशी तिन्ही कामे अंगावर घेऊन तिला पुढच्या काही दशकांत जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांनी बांधून काढली. ल्योंपासून खाली आता १२ लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे बंदिस्त हौद, आहेत. त्यांतल्या बोलेन येथील लॉकमध्ये बोट जवळजवळ २३ मीटर खाली उतरते, आणि दोन्ही बाजूंना ओल्या काँक्रीटच्या भिंती वर वर सरकत जाताना डेकवरच्या गप्पा आपोआप थांबतात. याच पट्ट्यात अणुवीज केंद्रेही आहेत. क्रुआस येथील शीतकरण मनोऱ्यावर खेळणाऱ्या मुलाचे प्रचंड चित्र रंगवलेले आहे. क्रूझच्या रंगीत माहितीपत्रकात हा मनोरा सहसा दिसत नाही, पण डेकवरून तो टाळता येत नाही.

बोट शालों ते आर्ल हा नदीचा मधला भाग दाखवते. शालोंच्या वरचे बर्गंडीचे खोरे आणि आर्लच्या खालचा समुद्र हे दोन्ही ती सोडून देते. तेव्हा आधीचे दिवस बर्गंडीत, नंतरचे दिवस प्रोव्हान्स आणि मार्सेलिसमध्ये घालवायचे, म्हणजे द्राक्षमळ्यांपासून समुद्रापर्यंत एकच अखंड प्रवास होतो, हे मनाशी पक्के झाले. यात पॅरिस कुठेच बसत नव्हते. घरी यावर पुष्कळ चर्चा झाली. ‘एवढे फ्रान्सला जायचे आणि आयफेल टॉवर पाहायचा नाही?’ हा वन्संचा प्रश्न रास्त होता. माझे म्हणणे एवढेच होते की पॅरिस टाळायचे नाही, पण आधी ठेवायचेही नाही. पॅरिस पाहून झाल्यावर शालोंसारखे गाव फिके वाटते. उलट छोटी गावे पाहून झाल्यावर पॅरिस मात्र फिके वाटत नाही. शेवटी पॅरिस टोकाला गेले आणि घरात शांतता झाली.

आधीचे दिवस किती ठेवावेत याबद्दल इंग्रजीत जो सल्ला मिळतो, तो बराचसा अमेरिकेहून येणाऱ्यांसाठी असतो. त्यांची एक अख्खी रात्र अटलांटिकवर जाते आणि घड्याळ सहा ते नऊ तास पुढे सरकते, म्हणून त्यांना झोपेचा हिशेब करावा लागतो. आपल्याकडून जाणाऱ्याचे तसे नसते. भारत आणि फ्रान्स यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, आणि तोही आपल्या सोयीच्या दिशेने, म्हणजे तिथला दिवस आपल्याला लांब मिळतो. पहाटे चारला टक्क जाग येते हे खरे, पण खरी अडचण संध्याकाळची आहे. फ्रान्समधल्या लहान गावांत रात्रीच्या जेवणासाठी हॉटेले सहसा साडेसातच्या आधी उघडत नाहीत, आणि तेव्हा आपल्या पोटाच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजलेले असतात. वयस्क माणूस सोबत असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत दुपारचे जेवण हेच मुख्य जेवण ठेवावे आणि संध्याकाळी बेकरीतला पाव, चीज, फळे यांवर भागवावे. दुपारचे जेवणही बारा ते दोन याच वेळेत मिळते. अडीच वाजता गेले तर स्वयंपाकघर बंद झालेले असते आणि त्यावर कोणतीही विनवणी चालत नाही.

तेव्हा आपल्यासाठी आधीचे दिवस हवेत ते झोपेपेक्षा खोळंब्यासाठी. विमानाला उशीर होतो, बॅग मागे राहते, रेल्वेचा संप होतो. शिवाय युरोपियन संघाने ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या प्रवाशांची बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन नोंद करायला सुरुवात केली आहे, त्यामुळे विमानतळावरच्या रांगेला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधणे अवघड झाले आहे. बोट कुणासाठी थांबत नाही. ती चुकली तर पुढच्या गावी स्वखर्चाने गाठावी लागते. बोट सुटण्याच्या दिवशीच फ्रान्समध्ये उतरण्याचे धाडस म्हणूनच करू नये. किमान दोन रात्री तरी आधी पोहोचावे.

मुंबईहून पॅरिसला थेट विमाने आहेत. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या पोटातच टीजीव्ही या अतिवेगवान गाड्यांचे स्थानक आहे आणि तिथून ल्योंला शहरात न शिरता साधारण दोन तासांत पोहोचता येते. दुबईमार्गे थेट ल्योंला उतरण्याचाही पर्याय आहे. आमचे पहिले ठिकाण बर्गंडीत असल्याने आम्ही पॅरिसच्या गार द ल्यों स्थानकावरून दिजोंची गाडी धरली. दीड तासाचा प्रवास. टीजीव्हीची तिकिटे काही महिने आधी खुली होतात आणि जितक्या लवकर घ्यावीत तितकी स्वस्त पडतात. टीईआर या प्रादेशिक गाड्यांची गोष्ट निराळी. त्यांना सहसा आरक्षण लागत नाही आणि ऐनवेळी तिकीट काढले तरी फारसे नुकसान होत नाही. यावरून मी एक नियम केला : विमानतळाच्या दिवशी टीजीव्हीचे न बदलता येणारे तिकीट घ्यायचे नाही, मधल्या सगळ्या लहान प्रवासांना टीईआर वापरायची, आणि लांबचा एकच टप्पा, म्हणजे शेवटचा मार्सेलिस ते पॅरिस, लवकर काढून ठेवायचा.

या सगळ्यात व्हिसाचा एक पेच असतो. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि अर्जात प्रत्येक रात्र कुठे काढणार याचा पुरावा द्यावा लागतो. बोटीवरच्या रात्रींसाठी क्रूझ कंपनीचे पत्र चालते, पण त्यावर तिघांचीही नावे पासपोर्टप्रमाणे आहेत ना, हे तपासून घ्यावे. ‘मिसेस’ लावून आडनाव लिहिण्याची काही बुकिंग एजंटांची सवय तिथे महागात पडू शकते. जमिनीवरच्या रात्रींसाठी रद्द करता येतील अशी हॉटेले घ्यावी लागतात. म्हणजे ज्या दिवसांचे नियोजन आपण सैल ठेवू पाहतो, तेच दिवस सरकारी कागदावर आधी घट्ट बांधावे लागतात. मला याचा त्रास झाला नाही, उलट उपयोग झाला, कारण एरवी आमच्या घरातली चर्चा विमानात बसेपर्यंत चालली असती.

महिना कोणता, हाही प्रश्न घरगुती पंचांगातूनच सुटला. मे महिन्यात फ्रान्समध्ये १ आणि ८ तारखेच्या सुट्ट्या, शिवाय असेन्शनचा गुरुवार आणि बहुतेकदा पेंटेकोस्टचा सोमवार हे ख्रिस्ती सण असतात. लोक सुट्टीला रजा जोडून बाहेर पडतात आणि गाड्या भरून वाहतात. जुलैत आव्हिन्योंचा नाट्यमहोत्सव, ऑगस्टमध्ये प्रोव्हान्सचे ऊन. उरला सप्टेंबर, पण गणपती घरी असताना वन्सं दाराबाहेर पाऊल टाकणार नाहीत. म्हणून विसर्जनानंतर निघून नवरात्राच्या आत परत यायचे ठरले. पितृपंधरवड्यात कुणी लग्नामुंजीला बोलावत नाही, हा त्यातला अधिकचा फायदा. द्राक्षतोडणीचे दिवस तेव्हाच असतात. या ऋतूतली एक जोखीम माहीत असावी : शरद ऋतूत सेवेन डोंगरात अचानक मुसळधार पाऊस पडतो, आर्देश आणि गार या उपनद्यांना पूर येतो, आणि ऱ्होनचे पाणी चढले की बोट पुलांखालून जाऊ शकत नाही. तेव्हा प्रवाशांना बसने पुढे नेतात किंवा एखादे गाव गाळतात. ऱ्होनचे पाणी धरणांनी अडवून राखलेले असल्याने ते कमी पडून बोट अडकण्याची भीती तुलनेने कमी, पण पाणी जास्त होण्याची आणि मिस्त्राल वाऱ्याची आहेच. उत्तरेकडून दरीतून येणारा हा कोरडा वारा ताशी ९० किलोमीटरच्याही वर जातो आणि लॉकमध्ये शिरणे, धक्क्याला लागणे अशा कामांत बोटीला खोळंबा करतो.

यातून नियोजनाचे जे तत्त्व निघते ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या ठिकाणासाठी आपण एवढा खर्च करून निघालो आहोत, ते ठिकाण बोटीच्या भरवशावर ठेवू नये. ते जमिनीवरच्या दिवसांत घ्यावे. बोटीवर ते पुन्हा दिसले तर दिसले. माझ्या यजमानांच्या मनात आर्ल होते, माझ्या मनात बोनचे रुग्णालय, आणि वन्संच्या मनात आयफेल टॉवर. तिन्ही आम्ही बोटीच्या बाहेर ठेवले.

दिजोंला आम्ही फार थांबलो नाही. ड्यूकांचा राजवाडा, जुनी लाकडी घरे आणि मोहरीची दुकाने पाहायला एक दिवस पुरतो. मुक्काम केला तो बोनमध्ये, टीईआरने वीस मिनिटांवर. तिथले ओतेल-द्यू हे रुग्णालय बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर, म्हणजे मुख्य कारभारी, निकोला रोलँ याने १४४३ मध्ये गरिबांसाठी स्थापन केले. शंभर वर्षांच्या युद्धाने आणि दुष्काळाने तो मुलूख तेव्हा पार खंगलेला होता. आतल्या चौकात उभे राहिले की छपराची पिवळी, तांबडी, हिरवी, तपकिरी कौले नक्षीत मांडलेली दिसतात, आणि आत भव्य दालनात लाल पडद्यांच्या खाटांच्या दोन ओळी. पहिला रुग्ण १४५२ च्या पहिल्या दिवशी दाखल झाला आणि या जुन्या इमारतीत १९७१ पर्यंत रुग्ण होते. आम्ही ज्या काळात शाळेत जात होतो त्या काळात इथे कुणीतरी खाटेवर पडून हीच लाकडी तुळयांची कमान पाहत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नव्हता. रोगिअर व्हान डर वायडेन याने रंगवलेले शेवटच्या न्यायनिवाड्याचे अनेक फळ्यांचे चित्र आता वेगळ्या खोलीत आहे. पूर्वी ते या दालनाच्या टोकाला प्रार्थनास्थळात होते. मरणाच्या दारातल्या माणसांसमोर स्वर्ग-नरकाची तराजू ठेवण्यात औषध किती आणि धाक किती, यावर आम्हा तिघांचे एकमत झाले नाही. या रुग्णालयाला दान मिळालेल्या द्राक्षमळ्यांतल्या वाईनचा लिलाव १८५९ पासून होत आला आहे आणि तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी असतो. त्या सुमारास बोनमध्ये खोली मिळणे दुरापास्त असते, म्हणून तो आठवडा आधीच टाळलेला बरा.

बोनहून शालों अर्ध्या तासाच्याही आत येते, आणि बोटीत दुपारनंतरच घेतात. सकाळचा वेळ नीसेफोर नीएप्सच्या संग्रहालयाला देता येतो. छायाचित्रणाचा हा आद्य संशोधक १७६५ मध्ये याच गावात जन्मला. स्थानकापासून धक्क्यापर्यंत टॅक्सी घ्यावी. धक्का नेमका कोणता, हे बोटीच्या लोकांकडून आदल्या दिवशी पुन्हा विचारून घ्यावे, कारण पाण्याप्रमाणे आणि गर्दीप्रमाणे तो बदलतो.

सामानाबद्दल इथेच सांगून टाकते. बोटीची माणसे बॅग केबिनपर्यंत नेतात, पण टीजीव्हीच्या दारातल्या पायऱ्या, लहान स्थानकांतले भुयारी जिने आणि जुन्या गावांतले दगडी रस्ते तिथे आपले आपणच. गाडी कोणत्या फलाटावर येणार हे सुटण्याआधी साधारण वीस मिनिटे कळते आणि दारे वेळेच्या दोन मिनिटे आधी बंद होतात. प्रत्येकी एक मध्यम बॅग, जी स्वतःला उचलून दोन पायऱ्या चढवता येईल, यापलीकडे काही घेऊ नये. वन्संनी मेतकूट, भाजणी आणि लिंबाचे लोणचे घेतले. पेढे मात्र काढून ठेवावे लागले, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन संघात नेता येत नाहीत.

बोटीवरच्या दिवसांबद्दल मी फारसे लिहिणार नाही. ते आरामाचे होते आणि आरामाचे वर्णन लवकर कंटाळवाणे होते. ल्योंबद्दल मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. बोट तिथे ऱ्होनच्या धक्क्याला लागते, अर्ध्या दिवसात फूर्व्हिएरची टेकडी आणि जुने शहर दाखवते, आणि निघते. ल्यों एवढ्यात आटोपणारे शहर नाही. इथे रेशीम विणणाऱ्या कामगारांनी १८३१ आणि १८३४ मध्ये बंड केले. घरांच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघणारे बोळ ते वापरत. इचलकरंजीच्या मागांवर ज्याचे नाव घेतले जाते तो जॅकार्ड, नक्षीदार विणकामाच्या मागाचा जनक, याच गावचा. आणि शहराच्या मोंप्लेझिर भागात ल्युमिएर बंधूंचा कारखाना होता. त्याच्या दारातून बाहेर पडणारे कामगार त्यांनी १८९५ मध्ये चित्रित केले. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, त्यांच्या माणसाने मुंबईच्या वॉटसन हॉटेलात चलच्चित्रे दाखवली, आणि आपल्याकडच्या सिनेमाची गोष्ट तिथून सुरू होते. ल्योंमधल्या त्या कारखान्याच्या परिसरात आता संग्रहालय आहे, मेट्रोने सहज जाता येते, आणि बोटीच्या सहलीत ते सहसा नसते. आम्ही त्या दिवशी सरळ सहल सोडली आणि मेट्रो धरली. ज्यांची बोट ल्योंहून सुटते किंवा तिथे संपते, त्यांनी एक जादा रात्र ल्योंला द्यावी असे मी आग्रहाने सांगेन. शाकाहारी माणसाने मात्र तिथल्या पारंपरिक खाणावळींकडून अपेक्षा ठेवू नये. साध्या सॅलडमध्येही डुकराच्या मांसाचे तुकडे असतात.

बोट आर्लला सोडते ती सकाळी नऊच्या सुमारास, आणि हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळते. हे मधले तास लोकांना फार जड जातात. उपाय साधा आहे : बॅगा हॉटेलात टाकून पुराणवस्तुसंग्रहालयात जावे. तिथे ऱ्होनच्या गाळातून २०११ मध्ये वर काढलेली रोमन काळातली ३१ मीटर लांबीची सपाट तळाची मालवाहू नाव ठेवली आहे. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथेच बुडाली. तिच्या पुढच्या भागातले डोलकाठीचे लाकूड शिडासाठी नव्हते. धारेविरुद्ध जाताना त्याला दोर बांधून माणसे काठावरून नाव ओढत. बारा लॉक उतरून, गरम पाण्याच्या केबिनमधून आल्यावर त्याच नदीवरची ही नाव पाहणे हा त्या संग्रहालयाचा खरा लाभ आहे, आणि तो बोटीच्या आधी नव्हे, नंतरच मिळतो. याच नदीतून निघालेला, सीझरचा असावा असे मानला जाणारा संगमरवरी चेहराही तिथेच आहे.

आर्ल की आव्हिन्यों, मुक्काम कुठे करावा, याचे उत्तर माणसागणिक वेगळे येईल. आव्हिन्यों मोठे, तिथे १३०९ ते १३७७ या काळात पोपची गादी होती, राजवाड्याचा दगडी डोंगर पाहण्यासारखा आहे, आणि बाविसांपैकी चारच कमानी उरलेला तो पूल आहे. पण बोट तिथे थांबतेच, आणि तेवढे बऱ्याच जणांना पुरते. आर्ल लहान, सपाट, गुडघ्यांना सोसणारे, आणि शनिवारचा बाजार लागला की सगळा प्रोव्हान्स रस्त्यावर येतो. माझ्या यजमानांचे आर्ल व्हॅन गॉगचे होते. तो तिथे फेब्रुवारी १८८८ पासून वर्षाहून थोडे अधिक राहिला आणि त्या काळात त्याने झपाटल्यासारखी शेकडो चित्रे केली. जाणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे की त्याचे पिवळे घर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेले, आणि त्याची चित्रे जगभर विखुरलेली आहेत. आर्लमध्ये पाहायचा तो उजेड, आणि सप्टेंबरमध्ये मिस्त्राल वाहून गेल्यानंतर तो जसा पडतो तसा इतर वेळी पडत नसावा.

आव्हिन्योंहून पों द्यू गारला बस आहे, पण फेऱ्या मोजक्या, त्यामुळे परतीची वेळ आधी पाहूनच निघावे. नीम शहराला पाणी नेणाऱ्या सुमारे ५० किलोमीटरच्या रोमन कालव्याचा हा तीन मजली पूल ४९ मीटर उंच आहे आणि सबंध कालव्याला उतार आहे जेमतेम १२-१३ मीटरचा. या एका जागेसाठी गाडी भाड्याने घ्यावी का, असा आमच्यात वाद झाला. उजव्या बाजूने चालवायचे, ऑटोमॅटिक गाड्या कमी आणि महाग, जुन्या गावांत पार्किंगची मारामार, हे पाहून आम्ही तो विचार सोडला. ल्युबेरोंच्या डोंगरी गावांत हिंडायचे असेल तर गाडीला पर्याय नाही हेही खरे, पण मग त्यासाठी वेगळा प्रवास करावा.

आर्लहून मार्सेलिस टीईआरने तासाभरात येते. सेंट शार्ल स्थानकाच्या दारातला १०४ पायऱ्यांचा भव्य जिना छायाचित्रांत फार शोभतो, परंतु बॅगा घेऊन तो उतरण्याचे कारण नाही, स्थानकाच्या आतूनच मेट्रोला जाता येते. जुन्या बंदरापासून टेकडीवरच्या नोत्र दाम द ला गार्द या चर्चला ६० क्रमांकाची बस जाते. इथे पोहोचल्यावर मराठी माणसाच्या मनात काय येणार, हे सांगायला नको. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मोरिया बोटीच्या गवाक्षातून इथल्या पाण्यात उडी घेतली, पोहून ते धक्क्याला लागले, फ्रेंच भूमीवर धावले, आणि फ्रेंच शिपायाने त्यांना धरून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले आणि १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. आज ज्याला जुने बंदर म्हणतात तिथे नौकाविहाराच्या होड्या असतात. वाफेच्या बोटींसाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेले जोलिएतचे बंदर त्याच्या उत्तरेला आहे. वन्संनी ही गोष्ट शाळेत बाईंच्या तोंडून ऐकलेली, आणि त्यांच्या कल्पनेत तो अथांग समुद्र होता. प्रत्यक्षात बंदराच्या भिंती, क्रेन आणि कॉर्सिकाला जाणाऱ्या फेरीबोटी पाहून त्या बराच वेळ अंतराचा अंदाज करत राहिल्या. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजा १९१४ मध्ये याच बंदरात उतरल्या होत्या. माझार्गच्या दफनभूमीत त्यांतल्या अनेकांची स्मृती जपलेली आहे, आणि फेब्रुवारी २०२५ पासून या शहरात भारताचा वाणिज्य दूतावासही आहे.

मार्सेलिसने शाकाहाऱ्यांची सोय मात्र उत्तम केली. हरभऱ्याच्या पिठाची पानीस नावाची तिथली एक वस्तू आहे, पीठ शिजवून, थापून, कापून तळलेली. चवीला अगदी आपली पाटवडी तळावी तशी. भाज्यांचे तुळशीच्या जातीच्या पानांची चटणी घातलेले सूपही मिळते. बर्गंडीत अंडी आणि चीज यांवर काढलेले दिवस वन्संनी तिथे भरून काढले.

टीजीव्हीने मार्सेलिसहून पॅरिस तीन तासांच्या थोडे वर. जी दरी आठवडाभर रमतगमत उतरलो ती गाडी जेवणाच्या वेळात परत चढते, आणि खिडकीतून नदी अधूनमधूनच दिसते, कारण नवा रेल्वेमार्ग तिला सोडून पठारावरून जातो. पॅरिससाठी वार पाहून ठेवावेत : लुव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय सोमवारी बंद. आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेल्या नोत्र दाम कॅथेड्रलला प्रवेश फुकट आहे, परंतु रांग लांब असते. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पॅरिसमध्येच असावे. दक्षिणेतून त्याच दिवशी येऊन विमान पकडण्याचे गणित संपाच्या एका बातमीने कोसळते. विमानतळावर जायला टॅक्सीचे भाडे सरकारने ठरवून दिलेले आहे, त्यामुळे तिघांनी आणि तीन बॅगांनी रेल्वेच्या जिन्यांशी झगडण्यापेक्षा ते परवडते. आयफेल टॉवर अर्थातच पाहिला. त्यानंतर हॉटेलातल्या मुलीने सेनवरची तासाभराची नौकासहल सुचवली, तेव्हा वन्संनी हात जोडले. ‘बोट पुरे झाली,’ म्हणाल्या, आणि आम्ही साध्या सिटी बसच्या खिडकीपाशी बसून पॅरिस पाहिले.